भिंतीतले चार इंच

दि. ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू कायमची आमच्याकडे यावंस म्हणून बांधायला घेतलेली तुझी खोली उभी राहिली, पण माझ्या जिवाला घोर लागला आहे. इथल्या डोंगरातल्या थंडीमुळे निघालेल्या नव्या नियमाप्रमाणे बाहेरच्या भिंतींना आतून थर्माकोलचे जाड तक्ते लावून वर गिलावा करावा लागतो. त्याशिवाय नगरपालिकेच्या तपासनीस बाई राहायची परवानगी देत नाहीत. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, भिंतीला स्वेटर घालायची वेळ कधी आली नव्हती. खर्चही वाढला. बाई म्हणतात, विजेचं बिल निम्म्यावर येईल, सात वर्षांत सगळा खर्च भरून निघेल. मी विचारलं, ते बघायला मी असेन असं लिहून देता का? त्या हसल्या नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. दोन्ही भिंतींनी चार-चार इंच खाल्ले. तुझा दोघांचा पलंग आडवा ठेवावा तर दोन इंच जास्त होतो, उभा ठेवावा तर दार उघडत नाही. चारदा मोजलं. त्या पलंगाशिवाय कुठेही जाणार नाही, असं भावोजी गेले तेव्हाच तू सांगितलं होतंस. म्हणून ठरवलं आहे की बाईंची सही झाली की एका भिंतीचा थर्माकोल उपटून टाकायचा. कुठे बोलू नकोस. तुझी भावजय म्हणते, मला वेड लागलं आहे.

लोभ आहेच, तो पलंगापायी कमी करू नकोस.

तुझा भाऊ


दि. ११ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. बाईंना फसवशील, माझ्या गुडघ्यांना कसं फसवणार? इथे हीटर बंद केला की पाच मिनिटांत भिंती सगळी ऊब पिऊन टाकतात. गेल्या हिवाळ्यात दोन महिने मी स्वयंपाकघरात खुर्चीवर झोपले. तुला कळवलं नाही, कारण तू खुर्ची मोजायला आला असतास.

थर्माकोलला हात लावू नकोस. पलंगाचं मी बघते. भावजयीला सांग, वेड नवीन नाही, लहानपणापासूनचं आहे.

दोघांनी तब्येती सांभाळा.

तुझी ताई


दि. २ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंची सही झाली. काल थंडी कडाक्याची होती. तुझ्या खोलीत हीटर न लावता तासभर बसून पाहिलं, शेवटी कानटोपी काढावी लागली. हे बाईंना सांगणार नाही.

तू धाडलेला पलंग आज टेम्पोने आला. तुझ्या सुताराने मधोमध उभा कापून एकेरी केलाय, नवे पाय लावलेत, काम नेटकं आहे. उभा ठेवला, दार पुरतं उघडतं. शेजारी खुर्चीही बसते, पण त्यात झोपायचं नाही.

उशाकडे भावोजींनी घड्याळासाठी ठोकलेली फळी दिसली, तेव्हा लक्षात आलं. तू त्यांची बाजू ठेवलीस आणि स्वतःची कापून दिलीस. तुझ्या भावजयीला सांगितलं. ती जाऊन पलंगावर चादर घालून आली.

फळीवर तुझा चष्मा मावतो. माझा ठेवून पाहिला.

आता पत्र नको, तूच ये.

तुझा भाऊ