तात्याची खुर्ची करकरायची का थांबली

प्रिय सद्या,

'प्रिय' म्हनून तुला जित्तेपनी कवा हाक मारली न्हाई. लेका न्हाईतर मुडद्या, एवढंच. त्यातलं दुसरं आता तोंडातनं निघत न्हाई, म्हनून प्रिय.

पावसाळ्यात तू गेलास, आता ऊस तुटाय लागला. एवढ्या दिसात तुला काय लिवावं असं वाटलं न्हाई. आज बसलोय, कारन आज साताऱ्यासनं एक प्रोफेसर आल्तं, वरच्या आळीच्या तात्याच्या खुर्चीचं वय काढाया. वय निघालं गड्या! पन खरं त्ये फकस्त मला दिसलं, आन् तवापास्नं कडेगावच्या ष्ट्यांडावरचं माजं सायकलचं दुकान बंदच हाय. हातच चालंनात.

खुर्ची म्हंजे काय, तुला सांगाय नगं. वाईच्या कुन्या गोऱ्या सायबानं जाताना तात्याच्या बापाला दिल्याली. शिसवीची, वेताच्या बैठकीची. तात्या सकाळपास्नं दिवा लागंस्तवर तिच्यातच. बसला की करकर, उठला की करकर. आपल्याला तर ती शाळंची घंटाच! परड्यातल्या पेरूवर तू चढायचास, मी खाली उभा. आत करकर झाली की दोघं बांदावरनं पसार. आठवतंय का रं?

मग दुष्काळ सरला त्या साली मी पेरूखाली उभा, आन् मागनं तात्याची काठी! पाठ फुटली. तू वर फांदीला धरून खिदळतोयस! "आरं, आवाज कसा न्हाई आला?" म्हनलो, तर म्हनतोस, "म्हातारा झाला त्यो. वजन घटलं त्याचं." आन् मी येडा, इस्वास ठेवला.

दुष्काळात समदं गाव खडी फोडाय जात हुतं, तवा तू ती खुर्ची दुरुस्तीला आनल्याली. एक पाय हलतोय, एवढंच तात्यानं सांगितल्यालं. एका पायाला एवढं दिस लागत्यात व्हय? तुज्या सुतारकामाच्या छपराला तू गोनपाट लावलंस. मी डोकावलो तर म्हनलास, "आत आलास तर नाक तासून काढीन, बबन्या." आन् माज्याकडनं जुनी टूब नेलीस. कशाला, तर गलोलीला! आख्खी टूब? हत्ती मारनार हुतास?

आज ओसरीवर तात्या खाटंवर बसल्याला. त्याचं थोरलं पोरगं बाळासाब सांगलीला बंगला बांधतंय, त्याला खुर्ची तिकडं न्यायची आन् वर साल घातल्याली पितळंची पट्टी ठोकायची. तात्या पेटल्याला. "माजा बाप हिच्यात बसून गेला, मीबी हिच्यातच जानार! मी हाय तवर खुर्ची हलनार न्हाई!"

"आवं तात्या, वय तरी काढू द्या!" बाळासाब म्हनला.

मला बोलिवल्यालं खुर्ची उजेडात आनून उलटी धराय. उलटी केली. आन् सद्या, मला माजं ठिगळ दिसलं.

माजं! बाकी समदी पंक्चरला गोल ठिगळ कापत्यात. मी एकटाच पत्त्यातला बदाम कापतो, माजं काम वळखू यावं म्हनून. पाय आन् चौकट जिथं मिळत्यात तिथं तू टुबंच्या पट्ट्या घातल्यास, लाकडावर लाकूड घासू ने म्हनून. एका पट्टीवर अर्धा बदाम. मग मी नीट बघितलं. चारी पाय नवं. पाठ नवी. वरनं काळं चोळल्यालं, पन खालच्या अंगाला तुजा रंधा. फकस्त डावा हात जुना, जिथं तात्या चुन्याचं बोट पुसतो, त्याचा बापबी पुसायचा. बाकी वाळवीनं भुसा केला असनार. त्या म्हाताऱ्याला 'तुज्या बापाची खुर्ची उरली न्हाई' म्हनाय तुजी जीभ उचलली न्हाई, व्हय ना? समद्या गावाला गंडवायचास त्ये मला ठावं हुतं. मलाबी गंडवलंस?

आन् मग शिसव कुटनं आलं त्ये कळलं.

तुज्या बापानं मरायच्या आदी घराच्या दाराला म्हनून ठेवल्याला ओंडका. त्यो नाहीसा झाला तवा तुजी आय गावभर सांगत सुटली, पोरानं दार पत्त्यात घालवलं. तू ऐकून घेतलंस! वर हसायचास! आरं, तिला सांगाय काय झाल्तं? ती काय तात्याकडं पळत जानार हुती?

त्या सकाळी गोठ्याची कौलं चढवाय निघालास, तवाबी तिनं हेच सुनावलं. "दार खेळून बसलास, आता पावसाची कुत्री शिरत्यात घरात." दुपारी तुजा पाय निसटला. तवापास्नं तुजी आय, माजी काकी, त्या बोलन्यापाशीच बसून हाय. भाकरी पुढ्यात आली तरी म्हनती, "म्या शेवटचं बोलले त्येबी असलं बोलले."

ह्ये समदं डोक्यात फिरतंय तवर प्रोफेसर वाकलं, बोट सरळ रबराकडं. मी वरडलो, "इच्चू! इच्चू!"

बाळासाब अंगनात, तात्याचं पाय खाटंवर. मी खुर्ची धाडदिशी सुलटी केली आन् नसल्याला इच्चू पायताणानं मारला. तू असतास तर मेलेला उचलून दावला असतास.

प्रोफेसर मातूर जाग्यावरच. चष्मा पुसला, डाव्या हातावरनं बोट फिरवलं. "हा हात नक्कीच फार जुना आहे. आणि बाकीचं काम चांगल्या कारागिराचं आहे. पट्टीवर साल घालू नका बाळासाहेब, आजोबांचं नाव घाला. आणि हिला हलवू नका इथून."

मोटारीत बसताना मला जवळ बोलिवलं. "त्या विंचवाला टायरचा वास कसा रे येत होता? कोणाचं काम हे?"

"दोस्ताचं," म्हनलो.

"कुठं असतो?"

मी डोस्क्यावरची टोपी काढली. त्यांनी खांद्यावर हात ठिवला आन् गेलं बिचारं.

तिथनं थेट तुज्या घरी. दाराला अजून गोनपाटच हाय. काकी भाकरी थापत हुती. समदं सांगितलं. हात थांबला तिचा. चुलीकडं बघत म्हनली, "त्या दिसात पोकळ लाकूड आनून टाकायचा हितं. म्हनायचा, आये, सायबाचं लाकूड हाय, भाकरी ग्वाड लागंल." मी हसलो. तीबी हसली. आन् मग ती जी रडली, सद्या! तव्यावरची भाकरी जळून गेली तरी कुनी उलटली न्हाई.

"तात्याला सांगू का?" मी इचारलं. "म्हंजी खुर्ची तुला तरी मिळंल."

"सांगून बघ, तोंड फोडीन तुजं. त्यानं न्हाई सांगितलं, तू कोन रं सांगनारा?" डोळं पुसलं. "मला फकस्त हात लावू दे तिला."

सांजंला ताक मागाय म्हनून आमी दोघं तात्याकडं गेलो. तात्या खुर्चीत. काकी खाली बसली, पदरानं खुर्चीचं पाय पुसलं, पाठ पुसली, एकेका सांध्यावरनं हात फिरवला. ल्हान पोराचं अंग पुसत्यात तसं. तात्या बघतच राह्यला.

"काय गं पारू? तू तर सुताराच्या घरातली. त्या शिकल्याल्या मानसानं साल न्हाई सांगितलं. तू सांग, किती जुनी असंल?"



काकी म्हनली, "हात लावला की कळतंय, तात्या. तुमच्या वडलांचीच हाय."

"आयकलं का रं बबन्या?" असा खूष झाला म्हातारा! ताक आनाय स्वता उठला. करकर न्हाई, काय न्हाई.

सद्या, आता माजा शबूद घे. तात्या हाय तवर मी तोंड उघडत न्हाई. त्याच्या माघारी खुर्ची सांगलीला जानार न्हाई, डोक्यावर घिऊन तुज्या आयच्या घरात आनीन. कशी, त्ये माजं मी बघतो, इच्चू लय हायेत माज्याकडं. पुढच्या पावसाच्या आत दार बसवतो, बाभळीचं का हुईना. आन् टूब तर रबरच, कवा ना कवा तडकंल. त्या दिशी नवी पट्टी मीच घालीन, बदाम आतल्या अंगाला करून. म्हाताऱ्याच्या कानाव करकर पडू द्यायचो न्हाई.

आन् पेरू धरलं की दरसाल एकदा परड्यात जाऊन उभा ऱ्हाईन. तात्या कवा उठला कळायचं न्हाई, काठी बसंलच. बसू दे. तू फकस्त वर फांदीवर हसाय ये.

तुजाच,
बबन्या