मूर्तीसमोरचे मेण

आईस,
तुझ्या पायांवर डोके ठेवतो.

मंगळवारी सकाळी मी इथल्या चर्चमधल्या देवमातेच्या मूर्तीसमोरचे मेण खरवडत होतो. आदल्या संध्याकाळच्या मिरवणुकीतल्या मेणबत्त्यांची थोटके आम्ही गोळा करून वितळवतो. कुणाचे तरी मागणे अर्धेच राहिले, असे दर वेळी वाटते.

जेवण वेळेवर मिळते. हात भाजला, ते किरकोळ आहे. तुझा गुडघा कसा आहे?

रजा मिळत नाही, असे दोन वर्षे तुला खोटेच लिहिले. मला इथे परदेशात कामाला ठेवणाऱ्या ठेकेदाराने माझा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवला आहे. मागितला की हसतो, "काका, देवाच्या दारात आहात, आणखी कुठे जायचंय?"

त्या सकाळी फादर पाहणीला आले. ठेकेदार शेजारीच होता. मी उठलो आणि त्याच्यादेखत फादरना पासपोर्टचे सगळे सांगितले.

तुझा थोरला