अण्णांच्या कॉफीचा रंग

ओरछा गेट, झाशी
१४ जुलै १९८७

प्रिय मधू,

तुझं कार्ड मिळालं. त्यात निम्मं कार्ड बंगळूरच्या हवेवर, थोडं प्रमोदिनीच्या सर्दीवर, आणि शेवटी तिरक्या अक्षरात एक ओळ, 'फिल्टर रोज वापरता ना?' नाही वापरत. तुझा तो पितळी फिल्टर फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर चिवड्याच्या डब्यामागे उपडा पडला आहे. माझ्या हातात असतं तर मी तो केव्हाच मानिक चौकात नेऊन मोडीत घातला असता. वर 'प्रिय' लिहिलं आहे ते सवयीनं. मी तुझ्यावर रागावले आहे, आणि हे पत्र संपेपर्यंत रागावलेलीच राहणार आहे, तेव्हा काय खायचं-प्यायचं ते उरकून मग वाचायला बस.

मे महिन्यात तू आणि प्रमोदिनी आलात तो दिवस आठव. स्टेशनापासून घरापर्यंत टांग्यात तुम्हाला लू लागली आणि तोंडं लाल करून तुम्ही दारात उभे राहिलात. आत खसचा पडदा भिजवून ठेवला होता, तो अण्णांनी सांगितला म्हणून. आदल्या दिवशी दूध तापवून, गार करून मी फ्रीजमधल्या बर्फाच्या साच्यांत ओतलं होतं, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. पाण्याचा बर्फ घातला की कोल्ड कॉफी पातळ होते, दुधाचाच बर्फ घालावा, हे आईचं मत, आणि आईला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिची मतं या घरात चालतात. त्या सकाळी अण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कप आणि चमचा घेऊन खिडकीशी बसले. बाटलीतली कॉफी, साखर, वरून थेंब थेंब पाणी. तुमची गाडी येऊन टांगा दाराशी थांबेपर्यंत ते फेटतच होते. मी मिक्सर काढते म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट आत गेले.

आणि तू काय केलंस? एक घोट घेतलास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालास, "अण्णा, ही काय कॉफी आहे? हे तर वितळलेलं आइस्क्रीम झालं." ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलास. मग घामही पुसला नसताना बॅग उघडून फिल्टर काढलास, पावडरीचं पुडकं काढलंस आणि खरी कॉफी कशी असते यावर जे सुरू झालास ते जेवणाची पानं वाढेपर्यंत. डिकॉक्शन काय, बियांचा वास काय, उत्तरेतल्या लोकांना कॉफीतलं काय कळतं काय. उत्तरेतले लोक म्हणजे कोण रे? तू काय कावेरीच्या पाण्यात जन्मलास? बंगळूरला नोकरी लागून अजून अंगावरचा झाशीचा धुरळा झडलेला नाही. अण्णा मात्र शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "खरं आहे. आम्हाला कुठे कळतं." मला त्याच वेळी तुझ्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला होता. सुनेसमोर नको म्हणून हात आवरला. तिनं बिचारीनं दोन ग्लास संपवले आणि फेस इतका दाट कसा येतो म्हणून विचारलंही, पण तुझ्या प्रवचनात तिचं कुणी ऐकलं नाही. तुम्ही दुपारी आडवे झालात तेव्हा कट्ट्यावरचा तुझा ग्लास अण्णांनी उचलला आणि घोट घोट करत संपवला. काय चुकलं ते बघत होते.

तू या घरातल्या कॉफीला नाव ठेवावंस याचंच मला नवल वाटतं. फ्रीज नव्हता तेव्हा भुशात घातलेला बर्फ गोणपाटात गुंडाळून कोण आणायचं? वरवंट्यानं तो फोडून, कडीच्या डब्यात दूध-कॉफीबरोबर कोंबून, ओल्या पंच्यात डबा बांधून अंगणभर कोण नाचायचं? ओरछा गेटच्या आपल्या गल्लीत तेव्हा दुसऱ्या कुणाकडे कॉफी नव्हती. डब्याचा खळखळाट ऐकून तिवारी चाची भिंतीवरून डोकावायच्या, एक वाटी त्यांना जायची, आणि त्या मिटक्या मारत म्हणायच्या, "बिन्नू, तुमाए घर की काफी तो भौत नोनी बनत." आई म्हणायची, चहा तहानेसाठी आणि कॉफी मानासाठी. त्यामुळे कुणी पास झालं, कुणी पाहुणा आला, अण्णा लांबच्या ड्यूटीवरून परतले, की कप निघायचा. कपाचा नियम तुला आठवतोच. कप घरात सगळ्यांच्या हातांतून फिरायचा, आणि ज्याच्या हातात असताना काळपट रंग बदामी होईल त्याला वरचा फेस. तू कप पुढे द्यायचाच नाहीस. हात दुखून रडायला यायचं, पण कप सोडायचा नाहीस. त्या फेसासाठी जीव टाकणारा मुलगा आता म्हणतो, वितळलेलं आइस्क्रीम.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगते. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू धावत आलास, ते उठून बसू लागल्यावर परत गेलास. ठीकच, नोकरी होती. पण उजवा हात तसाच राहिला होता. ज्या हातानं त्यांनी जन्मभर गार्डाच्या डब्यातून हिरवा झेंडा दाखवला तो हात मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर म्हणाले, मी काय पाळण्यातलं पोर आहे? चेंडू कोपऱ्यात. मग एके दिवशी वह्या तपासायच्या आहेत असं सांगून मी त्यांच्यासमोर कप ठेवला आणि म्हटलं, अण्णा, एवढी फेटून द्या, मला वेळ नाही. त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं. त्यांनी कप जवळ ओढला.

सुरुवातीला चमचा हातातून गळायचा. कॉफी डांबरासारखी काळी राहायची, साखर दाताखाली यायची. मी दूध ओतून छान झाली म्हणत पीत होते. मग कधीतरी काळ्याची तपकिरी झाली. हळूहळू तांबूस. माझं शाळेतून येणं आणि कपात डोकावणं हा नेमच झाला. दिवाळीपर्यंत त्यांना पेन धरता येऊ लागलं, संक्रांतीला स्वतःच्या सदऱ्याची बटणं स्वतः लावली. हे तुला लिहायला मी किती वेळा बसले, पण त्यांनी शपथ घातली होती. म्हणायचे, रंग पुरता बदामी झाला की मधूला आपल्या हातची पाजू, तेव्हाच सांगू. एप्रिलात रंग आला. अगदी आईच्या हातासारखा. म्हणून ते तुमच्या गाडीची वाट बघत बसले होते. त्या ग्लासात कॉफी नव्हती रे, त्यांचा हात होता, आणि तू तो कट्ट्यावर ठेवून दिलास.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुला माफ केलं असतं. पोर आहे, तोंडाळ आहे, लहानपणापासून असाच आहे. पण तुम्ही गेल्यावर अण्णांनी मनावर घेतलं. पुढच्या खेपेला मधूच्या आवडीची कॉफी आपणच करायची. एक दिवस मी मानिक चौकात किराणा आणायला गेले, ती ऊन उतरल्यावर परत आले. अण्णा खिडकीशी बसलेले. सदऱ्यावर, धोतरावर, जमिनीवर काळे शिंतोडे. हातात कप. त्यांनी तुझ्या पुडक्यातली पावडर कपात घातली होती, वर साखर, वर थेंब थेंब पाणी, आणि मी गेल्यापासून ते ती फेटत होते. फिल्टर तिथेच शेजारी होता, पण कॉफी म्हटलं की ती आधी फेटायची, हेच या घराला ठाऊक. ती दळलेल्या बियांची भरड, मधू. ती विरघळत नाही, तिला फेस येत नाही. कपात ओली माती व्हावी तसा चिखल झाला होता, आणि रंग जराही हलला नव्हता. चमचा खाली ठेवून ते मला म्हणाले, "वसू, हात गेला माझा."

त्या दिवसापासून त्यांनी चमचा धरलेला नाही. मी हरप्रकारे सांगून पाहिलं. ही पावडर निराळी, ती बाटलीतली निराळी, हिला फेटत नाहीत, हिच्यातून पाणी गाळतात. ते हसतात. त्यांच्यासमोर मी स्वतः ती पावडर फेटून दाखवली, तर म्हणाले, तू मुद्दाम हळू फेटते आहेस. शेवटी तुझ्या फिल्टरमध्ये कॉफी करून दाखवली. थेंब थेंब आपोआप गळणारं ते काळं पाणी बघत बसले आणि म्हणाले, "बरं आहे. याला हात लागतच नाही." तेव्हाच मी तो फिल्टर उचलून वर टाकला. बाटलीतल्या आपल्या कॉफीचा दमट हवेत दगड झाला आहे, चमचा आत जात नाही. आणि अण्णांची बोटं पुन्हा आत वळू लागली आहेत. डॉक्टर म्हणाले, हाताला काम नसेल तर आलेलं सगळं परत जाईल, आणि या वयात दुसऱ्यांदा येणार नाही. आज सकाळी त्यांनी सदऱ्याची बटणं लावायला मला हाक मारली. मी बटणं लावली आणि हे पत्र लिहायला बसले.

तर हे नुसतं रागवायला लिहिलेलं नाही. माझं तुझ्याकडे काम आहे, आणि ते तुझ्याकडेच असावं याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. मी अण्णांना हात धरून विचारलं, माझ्यावर विश्वास का नाही? ते म्हणाले, "तू ती डांबरासारखी कॉफीसुद्धा छान म्हणून प्यायलीस. तुझ्या बोलण्यावर कसा विश्वास ठेवू? मधू मात्र तोंडावर खरं बोलतो." आणि हे अभिमानानं म्हणाले, लक्षात ठेव. तेव्हा आता त्या तोंडाचा या घराला एकदा तरी उपयोग होऊ दे. अण्णांना वेगळं पत्र लिही. ट्रंककॉल नको, त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि तुझी पत्रं ते सदऱ्याच्या खिशात ठेवून दिवसभर पुन्हा पुन्हा वाचतात. हळवं लिहू नकोस, समजूत घालू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस, मी लिहायला लावलं हे ते लगेच ओळखतील. तुझ्या नेहमीच्या उद्धट तऱ्हेनं लिही. लिही की अण्णा, ताईनं कळवलेलं वाचून मला हसू आलं, ही पावडर कधी कुणी फेटतं का? पैलवान बसवलात तरी तिला फेस यायचा नाही. चांगलं खडसाव त्यांना. आणि शेवटी, ओळ ठळक काढून, लिही की दसऱ्याला येतो आहे, मला ती दुधाच्या बर्फाची कॉफी हवी, आणि वरचा फेस माझा. मग खरंच ये. मी नवी बाटली आणून ठेवली आहे. तिचं झाकण घट्ट आहे, मी त्याला हात लावलेला नाही. तुझं पत्र आलं की ते उघडायला अण्णांनाच देणार आहे.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
वसूताई