आबांचा तिसरा प्रश्न

भोकरदन, ४ मे २०२५

चि. अंगद यास अनेक आशीर्वाद.

दीड महिना पत्र नाही, माफ कर. दहावीचे पेपर तपासण्यात दिवस गेले. कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

पत्र मेलनं जात असलं तरी मायना लिहिल्याशिवाय मला पत्र वाटत नाही, हसू नकोस. इकडे ऊन बेचाळीसवर आहे. तुझ्या जहाजासमोर बर्फाचे डोंगर आणि आमच्या माठातलं पाणीसुद्धा कोमट.

उपग्रह आणि विमानं बर्फ शोधतात, त्यावरून बर्फाच्या हद्दीचा रोज नकाशा निघतो आणि जहाज त्या हद्दीला वळसा घालतं, हे तुझं मागचं उत्तर आबांना आवडलं. आता त्यांचा तिसरा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत : "नकाशात न्हाई अन् रडारवर बी न्हाई असा बर्फ आला तं मंग? कोणी डोळ्यानं बघून राह्यलं का न्हाई?"

कानटोपी घालत जा. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
वंदनाताई


लॅब्राडोर समुद्र, २१ मे २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

प्रश्न चांगला आहे, म्हणून आधी उत्तर. मोठा हिमनग रडारवर पंधरा-वीस मैलांवरून दिसतो. भीती लहान तुकड्यांची. जीपएवढा तुकडा पाण्यावर जेमतेम हातभर दिसतो, वजन कित्येक टन. रडारच्या पडद्यावर लाटांचेही ठिपके उमटतात, त्यांत तो हरवतो. ते ठिपके पुसायला एक बटण असतं. ते जास्त फिरवलं की पडदा स्वच्छ होतो, पण तुकडाही पुसला जातो. म्हणून वेग कमी ठेवायचा आणि वर एक माणूस दुर्बीण घेऊन उभा करायचा. हो, डोळ्यानंच.

आता दुसरं. परवा बंदरात रेंज मिळाली. धावडा गावच्या संपतनं फोनवर सहज विचारलं, आबांची वाचा परत आली का. फेब्रुवारीत झटका आल्याचं मला माहीतच असणार, असं धरून तो बोलत होता. मीही माहीत असल्यासारखा बोललो.

आबांचा पहिला प्रश्न मार्चमधला आहे, ताई.

शेती सोडून बोटीवर आलो, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आबांनी, बाप असून, जहाजाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. त्यांचे दोन्ही प्रश्न मी छापून केबिनमध्ये लावलेत. तिसराही लावला होता. आजार लपवलास, ते एखादवेळी समजून घेईन. पण 'बघून राह्यलं' हे त्यांच्या तोंडचं उचलून मला दिलंस. तुझी पत्रं किती स्वच्छ होती, ते आता कळतंय.

लोभ आहे. कमी करता येत नाही, म्हणून आहे.

अंगद


भोकरदन, २३ मे २०२५

चि. अंगद यास अनेक आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

संपतचं बरोबर आहे. ११ फेब्रुवारी, सकाळी चहा घेताना. उजवी बाजू आणि वाचा गेली. ऐकू येतं, समजतं. त्याच आठवड्यात तू लिहिलं होतंस की बर्फाच्या हद्दीत ड्यूटीवर असताना घरचा विचार डोक्यात आला की धोका. त्या वाक्याचा मी आधार घेतला. रोजनिशीत लिहिलं, 'अंगदच्या भल्यासाठी.' काल त्यावर रेघ मारली. भल्यासाठीच असतं तर 'आबा बरे आहेत' एवढं खोटं पुरलं असतं.

पहिला प्रश्न तुला बरं वाटावं म्हणून लिहिला. पुढचे दोन माझे होते. मलाच जाणून घ्यायचं होतं, पण माझ्या नावानं विचारले असते तर तू इतकं मन लावून लिहिलं नसतंस, असं वाटलं. आणि मीही नऊ वर्षांत तुला काय विचारलं होतं?

आणखी एक, जे संपतलाही माहीत नाही. तुझी उत्तरं मी आबांना वाचून दाखवलीच नाहीत. 'आबा, तुम्ही विचारलंत म्हणून' अशीच त्यांची सुरुवात आहे. ते ऐकून आबांना सगळं कळलं असतं.

काल तुझं पत्र शाळेत छापून घरी आणलं. वाचत होते, तर आबा खाटेवरून बघत होते, कागदाकडे, मग माझ्याकडे. पूर्वी पेपर वाचून दाखवताना मी थांबले की 'पुढं वाच' म्हणून ते दोन बोटं हलवायचे. तशी त्यांनी डाव्या हाताची बोटं हलवली. मी कागद घडी करून ठेवला.

रागावलास तरी लिहीत राहा. एवढंच मागते.

वंदनाताई

ता. क. उद्याचं काम : आबांना तुझं मार्चचं पत्र वाचून दाखवणं, पहिल्या ओळीपासून.