मंगलच्या नाकातली गाठ

३ जाने.
सोलापूर. मंगलचा सीटी स्कॅन झाला. उजव्या नाकपुडीत गाठ, मधला पडदा ढकलून डावीकडची वाटबी बंद केलीय. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "वास किती दिवसांपासून येत नाही?"
"झाले की सहा महिने," मंगल म्हणाली. माझ्याकडं बघितलं न्हाय.
खरं तर दोन वर्षं झालीत. भूमच्या डॉक्टरांनी तवाच सांगितलं होतं, सोलापूरला दाखवा. लग्नसराई होती, खव्याला मागणी. मी म्हणालो, वाफ घे. आज मीबी मान हलवली. सहा महिने, व्हय.

४ जाने.
गाठीचा तुकडा तपासायला दिलाय. सकाळी खव्याच्या भट्टीवर. कॅनची झाकणं काढून वास घ्यायला आता चुलतभाऊ दत्ता. हे काम मंगलचं. आमचं लग्न झाल्यापासून. तिनं हुंगून मान हलवली की मगच दूध कढईत.
दिवाळीत आंबलेला एक कॅन तिच्या नाकाखालून गेला. अख्खी कढई नासली. दूध घालायला आलेले पंधरा-वीस जण उभे. त्यांच्यासमोर मी... लिहायचंच तर नीट लिहावं. म्हणालो, "नाक काय शोभेला ठेवलंय का? उद्यापासून भट्टीत पाय टाकू नको." लोक हसले. मीबी हसलो. ती हात धुऊन घरी गेली.
त्याआधी दोनदा म्हणाली होती, "मला वास येईना, दुसऱ्या कुणाला तरी लावा." मी म्हणालो, कामचुकारपणा. म्हणजे मला माहीत होतं.

११ जाने.
रिपोर्ट आला. साधी गाठ, कॅन्सर न्हाय. येडेश्वरीला हात जोडले, पण मान वर करवंना. मॅडम म्हणाल्या, ही गाठ हाडाकडं आत शिरत जाते, मूळ राहिलं तर परत येते, लई दिवस ठेवली तर पुढं बिघडूही शकते. डोळ्याखालचं हाड झिजलंय. "एवढं सहा महिन्यांत होत नाही हो."
मंगल बाहेर बाकावर होती. मॅडमना खरं सांगितलं. वाटलं, झाडतील. "बरं झालं सांगितलंत," एवढंच. त्यानं जास्त लागलं.

१९ जाने.
ऑपरेशन. साडेतीन तास. नाकातूनच दुर्बीण घातली, तोंडावर टाका न्हाय. गाठ जिथं चिकटली होती ते हाड घासून काढलंय. आत नेताना नर्सनं तिच्या नाकातली फुली काढून माझ्या हातात दिली. तोंड सुजलंय. पाणी खुणेनं मागितलं.

२१ जाने.
नाकातले बोळे काढले. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी. मी हात पुढं केला, तिनं पलंगाची दांडी धरली.
वास परत येईल का? सांगता येत नाही म्हणतात. तपासणीला मात्र पुढची कैक वर्षं यायचं. सीझन असो नसो.

२ फेब्रु.
घरी. मंगल तूर निवडत बसलेली. दार लोटलं आन म्हणालो, "चुकलं माझं. तुला वास येत न्हाय हे मला माहीत होतं."
तिनं सूप खाली ठेवलं. "तवा चारचौघांत बोललात. आता दार लोटून सांगताय व्हय?"
आवाज चढवला न्हाय. सूप घेऊन परत निवडायला लागली.

३ फेब्रु.
भट्टीवर सगळे होते. भागवत, दिवाळीत सगळ्यात मोठ्यानं हसलेला, त्यानंच विचारलं, "वहिनीचं नाक काय म्हणतंय?" सगळे ऐकायला थांबले. यापेक्षा बरी वेळ कुठली मिळणार होती? आयतं ताट वाढलं होतं.
"बरं हाय," म्हणालो. आन दूध मोजायला लागलो. थू माझ्या जिनगानीवर.
जेवताना मंगलनं विचारलं, "बोललात का?"
मी न्हाय म्हणालो. तिनं भाजी वाढली. म्हणाली, "उद्या मीबी येते भट्टीवर."