शिकागोत पाटी नाही

ती. लुवेनियाताईस,

धाकट्या ओडीलियाचा शिकागोहून नमस्कार. प्रभूच्या कृपेने इथे सगळे धडधाकट. तुझे गुडघे आणि तुझ्या कोंबड्या कशा आहेत ते कळव.

मुलीला शाळेसाठी माझ्याकडे पाठवू का, असं तू विचारलंस, म्हणून सविस्तर लिहिते. तिकडे मिसिसिपीत बरं असतं (बरं म्हणजे वाईटच, पण सरळ): गोऱ्यांची शाळा ही, आपल्या काळ्यांची ती, दारावर पाटी, विषय संपला. इथे पाटी नाही, तसला कायदाही नाही. तरी आमच्या अर्नेस्टीनच्या शाळेत औषधालासुद्धा गोरं पोर सापडायचं नाही, आणि गर्दी एवढी की मुलं दोन पाळ्यांत शिकतात. आमची पोर दुपारी बाराला घरी. रस्त्यापलीकडे गोऱ्यांच्या शाळेत मात्र वर्गच्या वर्ग रिकामे, बाकं धूळ खात पडलेली.

मी रविवारची चर्चची हॅट घालून शाळाखात्याच्या कचेरीत गेले, कडाक्याचं भांडायच्या तयारीने. तिथल्या गोऱ्या साहेबाने उठून खुर्ची दिली आणि मला चक्क 'मिसेस टॉलिव्हर' म्हणाला! ताई, जन्मात कुठल्या गोऱ्याने मला मिसेस म्हटलं नव्हतं (तिकडे आपल्या आईलासुद्धा दुकानातलं शेंबडं पोर 'ए कोरा' अशी नुसत्या नावाने हाक मारायचं). "आमच्याकडे भेदभाव नाही हं, मिसेस टॉलिव्हर. फक्त शाळेची हद्द असते, आणि तुमचं घर अलीकडे येतं." मी त्याचे आभार मानले आणि तरंगत घरी आले. नवरोबा रूफस म्हणाला, "मग? घेतलं का पोरीला?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग आम्ही हट्टाने हद्दीपलीकडे घर घेतलं. भाडं जास्त, नळ गळका. सामान लावून होतंय तोच हद्द सरकली आणि आमचं घर पुन्हा अलीकडे (आपली नदी पुरातही एवढी सरकत नाही). तो साहेब अजून तसाच गोड हसतो, आणि मला रडू येतं.

तुझी,
ओडीलिया

ता. क. तुझी मुलगी पाठवू नकोस. उलट आमचीच तुझ्याकडे पाठवू का? तिकडे निदान दिवसभर शाळा असते (कापूस वेचणीचे दिवस सोडून).

आणखी ता. क. अर्नेस्टीनने वरचं वाचलं. म्हणते, "मी नाही जायची मावशीकडे. मला समोरच्याच शाळेत बसायचंय." तर उद्या वस्तीतल्या आम्ही सगळ्या आया मुलांना घेऊन त्या रिकाम्या वर्गांत जाऊन बसणार आहोत. पोलीस उचलणार हे नक्की. तेव्हा ताई, मिळेल त्या गाडीने तूच ये. रूफसला अंडंसुद्धा उकडता येत नाही, आणि मी सुटले की घरी न येता पुन्हा तिथेच जाऊन बसणार आहे.