दिवा मध्येच विझला तेव्हा

रविवार, १४ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार, आणि आधी कान इकडे कर. मी बरी आहे, वेळेवर जेवते, झोपते कमी. झाली तुझ्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि जिभेवरच्या त्या गाठीमुळे सध्या तुला कमी बोलायला सांगितलंय. फुलांच्या बाजारात लिलाव पुकारून पुकारून तुला अशी सवय लागलीय, की समोरच्याने नाक खाजवलं तरी त्याने बोली लावली असं तू धरून चालतेस. तेव्हा आज निमूट वाच.

मावशी, आमचं जमलं. अगदी खरंच जमलं.

आमची प्रयोगाची खोली तू पाहिलेली नाहीस. खिडक्यांना काळा कागद, दाराला काळा पडदा आणि कोपऱ्यात एक मिणमिणता हिरवा दिवा. आमच्या औषधाला उजेडाची जरा तिरीप लागली, की ते वेळेआधीच कामाला लागतं, म्हणून आम्ही चाचपडत काम करतो. आमचे सर त्या अंधारात सुईत दोरा ओवतील. सगळे त्यांना घुबड म्हणतात आणि हे त्यांनाही माहीत आहे.

काम असं असतं. कॅन्सरच्या पेशी आम्ही वाढवतो, त्याही गोळे करून, खसखशीच्या दाण्याएवढे, कारण शरीरातली गाठही गोळाच असते. त्यांना औषध पाजायचं. नुसत्या औषधाने त्यांचं काही बिघडत नाही, नुसत्या लाल उजेडानेही नाही. दोन्ही एकत्र आले, की पेशीतला प्राणवायूच असा खवळतो की तिला आतून भाजून काढतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसावं. काही पेशी शहाण्यासारख्या आकसतात, आपला पसारा आवरतात आणि गुपचूप जातात. काही आदळआपट करतात, अंगावर फुगे येतात आणि फुटतात. तिसऱ्या मात्र बिलंदर. स्वतःचेच भाजलेले तुकडे खातात आणि त्यावर तग धरून पुन्हा उभ्या राहतात. या तिसऱ्या जातीने मला वर्षभर रडकुंडीला आणलं होतं. गोळ्याची साल मरायची आणि गाभा ठणठणीत.

तू दुसऱ्या जातीतली, असं लिहून मी खोडलं होतं. आता परत लिहिते. एरवी तू हसली असतीस.

तर गेल्या महिन्यात माझ्या धांदरटपणाने कमाल केली. लाल दिव्याचा पंखा लावायचाच राहिला. गोळे दिव्याखाली ठेवले आणि मी चहाला गेले. तो दिवा फार तापला की आपोआप बंद पडतो आणि निवला की परत लागतो. येऊन बघते तर त्याची उघडझाप चाललेली. सगळा प्रयोग पाण्यात गेला म्हणून मी गोळे फेकायला निघाले, तर घुबड म्हणाले, “फेकायचं काय, उद्याही फेकता येतील. राहू देत.”

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर गोळे गाभ्यासकट मेलेले. मला वाटलं, जंतू शिरले असणार. सरांना हाक मारली. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून एकेक गोळा पाहिला, मग म्हणाले, “पंखा लावला नव्हतास ना? आता लावूच नकोस.”

कारण इतकं साधं आहे. सतत उजेड दिला की गाभ्यातला प्राणवायू चटकन संपतो, मग वरून कितीही उजेड ओता, खवळायला आत काही उरत नाही. मध्ये थांबलं तर बाहेरून प्राणवायू परत झिरपतो. निखारे फुंकतानाही मध्ये श्वास घ्यावाच लागतो की. उजेड तोडून द्यायची कल्पना नवी नाही, दुसऱ्यांनीही वापरून पाहिलीय, पण आमच्या या हट्टी गोळ्यांवर कोणीच नव्हती वापरली. नंतर आम्ही मुद्दाम दिवा थांबवून पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी तेच. मी खोलीत नाचले आणि एक काचेची नळी फोडली. सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

हे वाचून तू बाजारभर सांगत सुटशील, की भाचीचा दिवा लागला. तेच मला नकोय.

मामाने मला सगळं सांगितलं. तू बजावलं होतंस तरी सांगितलं, त्याच्यावर चिडू नकोस. तू ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकललीस. सर्जनबाईंना म्हणालीस, “जिभेला हात लावायचा नाही. माझी भाची उजेडाचं औषध करतेय, तोवर मी थांबते.”

एवढी पानं मी गोळ्यांवर खर्च केली ती मुद्दा टाळायलाच. मावशी, आमचा उजेड मांसात शिरतो तो जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. तुझा रिपोर्ट मी सरांना दाखवला, कोणाचा ते न सांगता. त्यांनी तो बाहेर नेऊन दोनदा वाचला आणि विचारलं, “तुझ्या कोण लागतात?” मी सांगितलं. ते म्हणाले, “गाठ उजेडाच्या पुढे गेलीय. आणि आपण मारतोय ती खसखस. माणसापर्यंत पोचायला वर्षं जातील. त्यांना सांग, एक दिवसही थांबू नका.”

जिभेचा तुकडा काढावा लागेल. बोलणं अडखळेल, लिलाव कदाचित पुकारता येणार नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. पण मला तू हवी आहेस, बोबडी तर बोबडी. तू एक वाक्य चार वेळा म्हणालीस तरी मी चारही वेळा ऐकेन. जन्मात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, आणि तो नेमका तुझ्या उपयोगाचा नाही. हे लिहिताना मी हसतेही आहे आणि रडतेही आहे, अक्षरावरून कळलंच असेल.

सर्जनबाईंशी मी बोलले आहे. पुढच्या आठवड्यातला गुरुवार त्यांनी धरून ठेवलाय. मी बुधवारी येते. गोळ्यांकडे सर बघणार आहेत. तू फक्त हो म्हण. बोलवत नसेल तर मामापुढे नुसती मान हलव, तो मला कळवेल.

मी तुझ्यासाठी धावत येईन, पण तू माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझी लाडकी, आणि या वेळी तुझ्या काहीच कामाची नसलेली,
भाची